उजव्या खांद्याचा आठवडा

फाल्गुनाच्या भर दुपारी पोलादपूरच्या एसटी स्टँडवर माकडटोपी घालून उभ्या असलेल्या माणसाकडे लोक बघणार नाहीत तर काय करतील? मी ह्यांना तेच समजावत होते. "अहो, काढा ती टोपी. ओळख लपायची राहिली बाजूला, सगळं स्टँड बघतंय आपल्याकडे." पण ऐकतील तर ते हे कसले! टोपीतून दोन डोळे आणि मिशांची टोकं तेवढी बाहेर, उजवा हात पोटाशी घट्ट धरलेला, डाव्या हातात माझी पिशवी, आणि घामाच्या धारा. एका बाईने तर मला हळूच विचारलं, "पेशंटला कुठं न्यायचं हाय?" मला हसू आवरेना. मी पदर तोंडात कोंबला आणि रिक्षा बघायला निघाले.

आम्ही लपूनछपून चाललो होतो. गावात सांगितलं होतं, ठाण्याला लेकीकडे जातो, आठवड्याने येतो. निघालो होतो मात्र उमरठच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका शेतघरावर, चिनी व्यायामाच्या शिबिराला. छीगाँग म्हणतात त्याला. महाडच्या एमआयडीसीत आयुष्य काढलेल्या, साठी उलटलेल्या माणसाने छीगाँग करायला जावं हेच मुळात हसण्यासारखं, त्यात ते चोरून. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मला नवऱ्याबरोबर पळून जायचं सुख मिळत होतं आणि मी ते पुरेपूर भोगत होते.

कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. कारण होतं ह्यांचा उजवा खांदा.

आमचं गाव महाडजवळच्या नाते गावाच्या पलीकडे. राहतो आम्ही महाडात, पण शिमग्याला गावात नसलो असं एकही वर्ष गेलेलं नाही. शिमग्याला आमच्या ग्रामदेवीची पालखी सहाणेवरून उठते. सहाण म्हणजे पालखी टेकवायचा दगडी चौथरा. ती उठताना पुढच्या दांड्याला पहिला माणूस आमच्या घरचा लागतो. दांडा उजव्या खांद्यावर घ्यायचा, उजवा हात वर नेऊन दांड्यावर पक्का ठेवायचा, आणि आमच्याकडच्या खालू बाजावर, म्हणजे ढोल-सनईच्या तालावर, पालखी नाचवत देवळाभोवती पहिली फेरी काढायची. पुढे मग गावातल्या कुणीही खांदा बदलावा. डावा खांदा चालत नाही. का चालत नाही हे मी लग्न झालं त्या वर्षी विचारलं होतं. सासूबाईंनी माझ्याकडे असं काही बघितलं की पुन्हा तो विषय मी काढला नाही.

आमच्या घरचा माणूस उभा राहू शकला नाही, तर मान चुलतघरात जातो आणि एकदा गेला की परत येत नाही. आम्हाला एक लेकच. आज ना उद्या तो मान माझ्या चुलतदिरांकडे आणि त्यांच्या मुलांकडे जाणार हे ह्यांनाही कळत होतं. "पण मी हयात असताना नाय," एवढंच त्यांचं म्हणणं. भावजींशी भांडण नव्हतं. गावाला गेलो की पहिला चहा त्यांच्याकडेच व्हायचा. पण शिमगा जवळ आला की हे दोघे भाऊ एकमेकांशी जरा जपून बोलायला लागायचे, आणि मला त्या चहाची चव तेवढ्यापुरती वेगळी लागायची.

दिवाळीच्या सुमाराला ह्यांचा खांदा धरला. आधी शर्ट खुंटीला टांगता येईना, मग केस विंचरता येईनात, मग बनियन घालता येईना. बनियन मी घालायचे आणि घालताना हे असे ओरडायचे की शेजारच्या वहिनींनी एकदा दार वाजवून विचारलं, "सगळं ठीक आहे ना हो?" डॉक्टर म्हणाले, खांदा गोठलाय, साखरेच्या पेशंटना होतं, वर्षभरात आपोआप सुटेल. वर्षभरात! शिमगा काय वर्षभर थांबणार होता? शेक झाले, तेलं झाली, दोरी ओढायचे व्यायाम झाले. हात छातीपर्यंत यायचा आणि हट्टी बैलासारखा तिथेच उभा राहायचा.

ह्या माणसाने गावात कुणालाही सांगितलं नाही. दिवाळीनंतर गावाला गेलेच नाहीत. फोन आला की "जरा कामात हाय." निवृत्त माणसाला कसलं काम? लग्नकार्यांना मी एकटी जायचे आणि खोटं बोलून यायचे. घरात हे खिडकीशी बसून राहायचे, टीव्हीसुद्धा लावायचे नाहीत. मला काळजी वाटायला लागली होती, आणि ती खांद्याची नव्हती, ह्यांची होती. म्हणून लेकीने फोनवर त्या शिबिराचं सांगितलं तेव्हा ह्यांच्या आधी मीच हो म्हणून टाकलं.

शेतघर देखणं होतं. मागे उभा डोंगर, पुढे उतरत गेलेले काजू आणि आंबे, मोहोराचा वास, खाली वाडीची कौलं, आणि खाचरांतून भाजावळीचा धूर. पुण्याची मंडळी आंबेनळी घाट उतरून आली होती. वळणांनी निम्म्यांचे चेहरे पांढरेफटक पडलेले. त्यांनी तो धूर बघून नाकाला रुमाल लावले. "वणवा लागलाय का?" एक निवृत्त दंतवैद्य होते, त्यांनी घाबरून विचारलं. "वणवा नाय हो," हे टोपीतून म्हणाले, "भाताची रोपं टाकायची जागा भाजतायत. भाजली की तण मरतं." दंतवैद्यांनी मान डोलावली आणि मग विचारलं, "आपल्याला थंडी वाजतेय का?" मी खोलीवर जाऊन उशीत तोंड खुपसून हसले.

शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्याच, पण बरीच वर्षं मलेशियात राहून हे शिकून आलेल्या. सडपातळ, पन्नाशीच्या, पायांचा आवाज न करता चालायच्या. बोलायच्या इतकं हळू की सगळ्यांना पुढे सरकून ऐकावं लागे. शरीरात एक जीवनशक्ती खेळत असते, तिला चिनी लोक ची म्हणतात, ती अडली की दुखणं आणि मोकळी झाली की आराम, असं त्यांनी सांगितलं. नियम दोनच. सकाळचा व्यायाम होईपर्यंत मौन, आणि दिवसभर कशाचीही घाई नाही.

पहिल्या दिवशी मी सवयीने अंधारातच उठले आणि पाय आपोआप स्वयंपाकघराकडे गेले. तिथे खालच्या वाडीतल्या दोघी बायका चुलीपाशी होत्या. त्यातली थोरली चाळिशीची असेल. मी पिठाच्या डब्याला हात लावला तशी ती म्हणाली, "ओ काकी, तुमी भाईर. तुमी पावण्या हाव." मौन होतं म्हणून मला वादही घालता येईना. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. डोंगरावर उजाडत होतं, आणि मला एकदम लख्ख कळलं की आठवडाभर मला भाजी काय करायची हा विचार करायचा नाहीये. एवढा आनंद झाला की मी पायरीवर बसल्या बसल्या पाय हलवायला लागले. कुणीतरी नाचणीची पेज आणून हातात दिली. दुसऱ्याच्या हातची आयती पेज! ती अळणी होती, पण मी तीन वाट्या प्यायले.

मग ते झाडासारखं उभं राहणं आलं. गुडघे किंचित वाकवायचे, डोळे अर्धे मिटायचे, आणि छातीसमोर जणू मोठा चेंडू कवेत घेतलाय असे हात धरून उभं राहायचं. किती वेळ ते विचारायचं नाही. मी हळूच डोळा किलकिला करून शेजारी पाहिलं. ह्यांचा डावा हात चेंडूवर आणि उजवा खाली पोटाशी, चेहरा ताणलेला, मिशा थरथरतायत. गॅसचा भरलेला सिलिंडर एका हाताने उचलायला निघालेला माणूस दिसेल तसे हे दिसत होते. मी ओठ आवळले. नाकातून आवाज आला. ह्यांनी डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांनाही फुटलं. दिवाळीनंतर पहिल्यांदा. आधी खी खी, मग खो खो. मौनाच्या वेळी, पंधरावीस भल्या माणसांमध्ये, आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे वाकून हसत होतो. दंतवैद्य खोकल्याचं निमित्त करून तेही हसायला लागले.

आता हाकलतात, असं मला वाटलं. मॅडम आवाज न करता आल्या आणि म्हणाल्या, "हसू येतंय तर येऊ द्या. अडलेलं असंच सुटतं." झालं, मला परवानाच मिळाला! त्यानंतर मी ढग बाजूला सारायच्या व्यायामात हसले, आभाळ उचलायच्या व्यायामात हसले, आणि संथ चालण्याच्या तासाला एक पाऊल टाकायला सगळ्यांना लागणारा वेळ पाहून काजूच्या बुंध्याला टेकून हसले. हे दुपारी मला म्हणाले, "अगं, जरा तरी लाज बाळग." पण म्हणताना त्यांच्या मिशा हलत होत्या. टोपी अजून होतीच. वाडीतलं कुणी बघेल म्हणून बाहेर निघाले की टोपी.

दोन-तीन दिवस असे गेले. हात छातीच्या थोडा वर यायला लागला. खांद्याचं दुखणं कमी झालं म्हणाले, पण दांडा धरायला हात कानापाशी जाऊन तिथे टिकायला हवा, आणि ते अजून दूर होतं. हे रोज मनातल्या मनात शिमग्याचे दिवस मोजत होते, मला ते त्यांच्या कपाळावर दिसायचं.

मग एका संध्याकाळी आम्ही सगळे झाड होऊन उभे असताना खालून ढोल ऐकू आला. वाडीतली माणसं शिमग्याची तालीम करत होती. आधी ढोल, मग टिमकी, मग त्यावर सनई चढली. पुण्यामुंबईच्या मंडळींवर काही परिणाम नाही, सगळी झाडं निवांत. पण आमच्याकडच्या माणसाचे पाय त्या तालावर थांबत नाहीत. माझ्या टाचा उचलायला लागल्या. स्वयंपाकघराच्या दारात त्या दोघी बायका डुलायला लागल्या. आणि शेजारी हे! डोळे मिटलेले, गुडघे लवत होते, कंबर एका लयीत वरखाली, दर चौथ्या ठोक्याला उजवा पाय मागे आणि एक हलका झोका. सरळ सरळ पालखी नाचवत होते. ह्यांना स्वतःला पत्ता नव्हता.

मॅडमच्या चेहऱ्यावर मी तेवढा आनंद पुन्हा कधी पाहिला नाही. त्या कुजबुजल्या, "कुणी थांबवू नका. ची जागी झालीय. मलेशियात लोक वर्षानुवर्षं बसतात ह्यासाठी." सगळ्यांनी डोळे उघडून ह्यांच्याकडे भक्तिभावाने बघितलं. मला सांगायचं होतं की बाई गं, ही ची नाही, हा शिमगा आहे. पण मी तोंड उघडलं असतं तर फक्त हसूच बाहेर पडलं असतं.

खोलीत गेल्यावर ह्यांनी कपाळावर हात मारला. डावा. "आता काय सांगू त्यांना? ढोल वाजला म्हणून नाचलो?" मी म्हटलं, "काही सांगू नका, तुम्ही पोचलेले आहात." त्या रात्री जेवताना दंतवैद्यांनी उठून ह्यांना बसायला खुर्ची दिली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ह्यांना पुढे बोलावलं आणि विनवलं, तीच हालचाल परत आली तर येऊ द्या, बाकीच्यांनाही अनुभवता येईल. हे आढेवेढे घेत होते. पालखी नसताना पालखीचा नाच करणं ह्यांच्या जिवावर आलं होतं. दंतवैद्य उत्साहाने बांबू शोधून आणायला निघाले तेव्हा हे एकदम कडक आवाजात म्हणाले, "दांडा नको. देवाशिवाय दांडा खांद्यावर घेत नाय." दंतवैद्य तसेच मागे फिरले. मग मॅडमचा चेहरा पडलेला बघून, ह्यांनी टोपी काढली, कमरेला रुमाल बांधला आणि नुसताच नाच दाखवायला सुरुवात केली. तोंडाने ढोल वाजवत. "ढिंच्याक ढांग, ढिंच्याक ढांग." मागे रांगेत पुणे, मुंबई, नाशिक, आणि स्वतः मॅडम. दंतवैद्यांचा उजवा पाय मागे जायच्या ऐवजी शेजारणीच्या पायावर जात होता. एक मुलगी हसता हसता गवतावर बसली. मी टाळ्या वाजवत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

आणि तेवढ्यात मला दिसलं. ह्यांचा उजवा हात वर गेला होता. खांद्यावर नसलेला दांडा धरायला कानापाशी गेला होता आणि तिथे होता. आरामात. जो हात शर्ट टांगत नव्हता तो हात! माझं हसू जागच्या जागी थांबलं. ह्यांनी तोंडाने ढोलाचे आणखी दोन-तीन ठोके वाजवले असतील, मग त्यांचं स्वतःचंच तिकडे लक्ष गेलं, आणि बघितल्याबरोबर हात दगडासारखा खाली आला. हे खांदा धरून खालीच बसले. कळ मोठी होती. पण डोळे असे चमकत होते की मला वाटलं, झालं, शिमगा मिळाला.

पण नशीब बघा. स्वयंपाकघराच्या दारातून ती थोरली बाई हात पुसत पुढे आली. ह्यांच्याकडे निरखून बघत म्हणाली, "काका, तुमी आमच्या माहेरचं दिसताव. ह्यो नाच आमच्या गावचा. चौथ्या ठोक्याला मागं पाय दुसऱ्या कुठल्याच गावात टाकत नाय." आणि तिने आमच्या गावाचं नाव घेतलं. "हां! तुमी तर पयल्या मानाचं काका. टोपीत वळखलं नाय, पन पायानं वळखलं."

इतके दिवस टोपीत भाजून घेतलं आणि पायांनी दगा दिला! मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. ह्यांनी त्या बाईला हात जोडले. "बाय, गावात बोलू नको गो." ती लगबगीने म्हणाली, "नाय वो काका, मी कशाला बोलू." पण तिचा हात कमरेच्या मोबाईलवर गेलेला मी पाहिला होता. माहेरचा माणूस इतक्या लांब भेटल्यावर आईला फोन न करणारी बाई अजून जन्माला यायचीय.

संध्याकाळी ठाण्याहून लेकीचा फोन. "आई, गावातून विचारतायत, बाबा चीनला गेलेत का?" तिच्या मागोमाग फोनांची रांगच लागली. एकाने विचारलं, दादांचा खांदा निकामी झाला म्हणतात, खरं का? दुसऱ्याने विचारलं, चिनी लोकांना पालखी नाचवायला शिकवतायत म्हणे? एका म्हाताऱ्या आत्तेसासूबाईंनी तर काळजीच्या सुरात मला विचारलं की ह्यांच्या अंगात चिनी देव आलाय तो मटण मागतो का. मी म्हटलं, "नाही हो आत्या, तो अळणी पेज पितो." सगळ्या गावाचे फोन आले. भावजींचा तेवढा आला नाही.

हे काजूखाली जाऊन बसले. मी शेजारी बसले. "आता सगळ्यांना कळलं," ते म्हणाले. मी म्हटलं, "बरं झालं. आता टोपी नको." त्यावर ते हसले, हसता हसता गवतावर आडवे झाले आणि आभाळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्याचा फोन नाय आला." खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. फोन न करणारा माणूस तयारी करत असतो असं मला वाटत होतं.

उरलेले दिवस हे हाताच्या मागे लागले. एकदा वर गेला म्हणजे जातो, मग परत का जात नाही? मॅडम सांगायच्या, हाताचा पाठलाग करू नका, पायांकडे लक्ष द्या, हाताला विसरा. पण ठरवून विसरायचं कसं? हे मोठ्याने म्हणायचे, "मी हात विसरलोय," आणि तिरक्या नजरेने हाताकडे बघायचे. मी त्यांचं लक्ष उडवायला काय काय केलं! मध्येच गाणी म्हटली, साप साप म्हणून ओरडले, एकदा तर माझ्या लग्नाआधी सांगून आलेल्या स्थळाची गोष्ट अर्धी सांगून सोडून दिली. गोष्ट त्यांनी पूर्ण करून घेतली, हात जिथे होता तिथेच राहिला. आठवडा संपेपर्यंत हात कानापर्यंत जायला लागला, पण थरथरत, आणि गेला की लगेच खाली.

निरोपाच्या वेळी सगळ्यांनी गोल बसून चार शब्द बोलायचे होते. लोक शांती, प्रकाश असलं काय काय बोलले. हे उभे राहिले आणि म्हणाले, "माझा हात वर राहत नाही. मी हे घरच्या माणसांपासून लपवलं होतं. तुम्हाला सांगून हलकं वाटलं." आणि बसले. मॅडमनी डोळे पुसले. मी नवऱ्याकडे बघत राहिले. हा माणूस एवढं बोलू शकतो हे मला माहीतच नव्हतं.

शिमग्याला आम्ही गावात गेलो. चाकरमानी मुंबईहून आलेले, सहाणेभोवती ही गर्दी, पोरं मोबाईल उंच धरून उभी. आम्ही दिसताच पोरांनी "काका, चिनी स्टेप!" म्हणून एकच गलका केला. हे हसले, पण त्यांचा चेहरा पांढरा होता. पांढरा शर्ट, डोक्याला फेटा. फेटा मीच बांधला होता. पुढच्या दांड्यापाशी भावजी उभे होते. बाह्या दुमडलेल्या, हाताची घडी. हसू बिसू सगळं पळालं. मी बायकांच्या घोळक्यात मागे होते, ती पुढे घुसत घुसत अगदी कडेला येऊन उभी राहिले.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं. पालखी उचलली गेली, दांडा ह्यांच्या उजव्या खांद्यावर आला. हात वर गेला, कानापाशी थरथरला आणि पडला. पुन्हा गेला, पुन्हा पडला. ढोलवाला काठी उगारून थांबलेला. मग हे मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "हात वर राहत नाय रे. खांदा धरलाय. दिवाळीपासनं. आता काय करायचं ते गावानं ठरवा."

भावजी पुढे आले. मी डोळे मिटून घेतले होते, पण कान मिटता येत नाहीत.

"दादा, मला कवाचं ठाऊक हाय," भावजी म्हणाले. "तू सांगशील म्हणून वाट बघत होतो. फोन नाय केला, म्हटलं तुला लाज वाटंल." मग त्यांचा आवाज चढला. "देवीला खांदा लागतो, आनि खांदा तुझा हाय ना? हात मी देतो."

मी डोळे उघडले. भावजींनी ह्यांचा उजवा हात मनगटाला धरून हळू वर नेला, दांड्यावर ठेवला आणि वर आपला पंजा दाबून धरला. मग ढोलवाल्यावर ओरडले, "अरे बघतोस काय? वाजव!"

ढोलावर काठी पडली आणि पालखी हलली. एक खांदा आणि दोन भावांचे हात, असे ते नाचत निघाले. गुडघे लवत होते, चौथ्या ठोक्याला दोघांचे पाय बरोबर मागे जात होते. पोरं शिट्या मारत होती, बायका गुलाल उधळत होत्या, आत्तेसासूबाई हात जोडून उभ्या होत्या. मी हसत होते, रडत होते, आणि पालखीच्या बाजूने पळत होते. गुलालाने माझं तोंड भरलं होतं. हे भावजींकडे बघून काहीतरी बोलले, दोघे खदखदून हसले आणि पालखी आणखी उंच झुलली.

देवळाच्या मागच्या बाजूला वळण आहे. पालखी तिथून फिरली तेव्हा मला दिसलं की भावजी तर पुढे जाऊन दोन्ही हात उंचावून टाळ्या वाजवतायत. दांड्यावर एकच हात होता, आणि तो ह्यांचा होता. ह्यांना पत्ता नव्हता. ओरडून सांगावंसं इतकं वाटलं की छाती फुटते की काय असं झालं. मी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं आणि फेरी पूर्ण होईपर्यंत तशीच पळत राहिले.